छेदात कोण आहे? गणिताचे शिक्षक नामदार गोपाळ कृष्ण गोखले



दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे सगळ्या शाळांच्या दारात फलक लागतात. लोटे गावातही लागतात. मुंबई-गोवा महामार्गावरून जाताना एमआयडीसीच्या फाट्यापर्यंत दोन-तीन तरी दिसतात. निकाल १०० टक्के, निकाल ९८ टक्के. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेचा असा फलक मीच खडूने रंगवला होता. त्याच दिवशी एक आई मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. मुलगा नववीत असतानाच शाळेत यायचा बंद झाला होता, टँकरवर कामाला लागला होता. तिने फलक वाचला आणि मला साधेपणाने विचारलं, की या शंभरात तिचा मुलगा धरलाय का. मी तिला समजावलं, की निकाल हा परीक्षेला बसलेल्या मुलांवर काढतात. तिला ते पटलं असावं. ती दाखला घेऊन गेली. माझं गणित बरोबर होतं, तरी दिवसभर काही सुचलं नाही.

शाळेची कार्यक्षमता कशी मोजायची, हा प्रश्न आज आपल्याला सतत विचारला जातो. पट, हजेरी, निकाल, गळती, चाचणीचे गुण, सगळं ऑनलाइन भरायचं असतं. आपण कंटाळतो. पण ही मोजदाद मुलांच्या बाजूने कशी वापरायची, हे शंभर वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात जन्मलेल्या एका गणिताच्या शिक्षकाने दाखवून दिलं आहे. त्यांची जयंती ९ मे ला येते, तेव्हा उन्हाळी सुट्टी असते. पुण्यतिथी १९ फेब्रुवारीला, त्या दिवशी शिवजयंती. त्यामुळे नामदार गोखल्यांवर शाळेत बोलायला दिवसच मिळत नाही. म्हणून हा लेख.

कोतळूक ते कागल

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी कोतळूक या गावी झाला. हे गाव गुहागर तालुक्यात आहे. लोट्याहून परशुराम घाट उतरून चिपळूणला जायचं आणि तिथून गुहागरच्या बाजूला वळायचं. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीला होते. आधी कारकून, मग फौजदार. घरची परिस्थिती बेताची. गोपाळ तेरा वर्षांचे असताना, १८७९ मध्ये, वडील वारले. थोरले भाऊ गोविंदराव यांनी स्वतःचं शिक्षण सोडलं आणि कागलला महिना १५ रुपयांची नोकरी धरली. त्यातले ८ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या गोपाळला पाठवत. उरलेल्या ७ रुपयांत बाकीचं घर चालायचं.

हा हिशेब मुलांना जरूर सांगावा. १५ पैकी ८, म्हणजे अर्ध्याहून जास्त कमाई एका भावाच्या शिक्षणावर. एक मूल शिकलं, दुसऱ्याने शाळा सोडली. त्या काळच्या कुठल्याही निकालपत्रकात गोविंदरावांचं नाव सापडणार नाही.

गोपाळची गणिताची गोष्ट तर आपण सगळेच वर्गात सांगतो. गुरुजींनी घरी सोडवायला दिलेली सगळी उदाहरणं गोपाळची बरोबर आली. गुरुजींनी कौतुक केलं, तर गोपाळ रडायला लागला. कारण एक उदाहरण त्याने दुसऱ्याच्या मदतीने सोडवलं होतं. ही गोष्ट आपण प्रामाणिकपणाचा धडा म्हणून सांगतो. तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. उत्तरं सगळी बरोबर होती, पण त्या उत्तरांवरून गोपाळला किती येतं हे कळत नव्हतं. गुरुजी जे मोजत होते ते एक, आणि प्रत्यक्षात होतं ते दुसरं. मुलाला हा फरक कळला होता.

गणिताचे मास्तर

कोल्हापूरचं राजाराम कॉलेज, पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज असं शिक्षण करत गोखले १८८४ मध्ये बी. ए. झाले. अठरा वर्षांचं वय. मनात आणलं असतं तर चांगल्या पगाराची सरकारी नोकरी मिळाली असती. त्यांनी १८८५ मध्ये पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये महिना ३५ रुपयांवर शिक्षकाची नोकरी धरली. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होऊन फर्ग्युसन कॉलेजात वीस वर्षांच्या सेवेचं व्रत घेतलं. गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र, जो विषय शिकवायला माणूस नसेल तो ते तयारी करून शिकवत. शाळेसाठी त्यांनी अंकगणिताचं पुस्तक तयार केलं. ते पुढे कितीतरी वर्षं शाळांमधून चाललं.

लोकमान्य टिळकांनी १८९० मध्ये सोसायटी सोडली तेव्हा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला शिक्षक हवा होता. गोखल्यांनी आपल्या एल्फिन्स्टनमधल्या सहाध्यायाला बोलावलं. ते धोंडो केशव कर्वे, आपले महर्षी कर्वे. त्यांचा जन्म आपल्याच खेड तालुक्यातल्या शेरवली गावचा. लहानपणी हेच कर्वे सहावीच्या परीक्षेसाठी दापोलीजवळच्या मुरुडहून घाट चढून साताऱ्यापर्यंत चालत गेले होते, आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नव्हतं. परीक्षा घेणाऱ्यांच्या कागदावर तो मुलगा नापासही नाही आणि पासही नाही. त्याची नोंदच नाही. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारे हे दोघेही रत्नागिरी जिल्ह्यातले, आणि दोघांनीही पुढचं आयुष्य शाळेबाहेर राहिलेल्यांसाठी घातलं.

त्या काळी मुंबई इलाख्यात खासगी शाळांना अनुदान मिळायचं ते निकालावर. इन्स्पेक्टर यायचे, मुलांची परीक्षा घ्यायचे, जितकी मुलं पास तितके पैसे. शाळेची कार्यक्षमता मोजायची ही सरळ पद्धत वाटते. पण यात कच्चं मूल शाळेला परवडत नाही. त्याला परीक्षेच्या दिवशी घरी ठेवलं तर बरं, असा मोह होतो. पुढे ही पद्धत सोडून देण्यात आली. आज आपल्यालाही असा मोह कधी होतो का, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं.

रानड्यांच्या घरची शिकवणी

पुण्यात गोखल्यांना खरे गुरू भेटले ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. रानड्यांनी त्यांना काय शिकवलं? सरकारी अहवाल वाचायला शिकवलं. अंदाजपत्रकं, जनगणनेची कोष्टकं, विलायतेहून येणारी ब्लू बुकं. आकडे जुळवायचे, मागच्या वर्षाशी ताडून बघायचे, आणि मग सरकारला अर्ज लिहायचा. अर्जातला एक शब्द चुकला, एक आकडा चुकला तर पुन्हा लिहायचा. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचं कामही गोखल्यांकडे आलं. ही शिकवणी कित्येक वर्षं चालली.

या तयारीवरच १८९७ मध्ये गोखले लंडनला वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला गेले. हिंदुस्थानच्या खर्चाबद्दलची त्यांची साक्ष उत्तम झाली. पण त्याच दौऱ्यात त्यांच्या हातून एक मोठी चूक झाली. पुण्यात प्लेग होता. घरं तपासणाऱ्या सैनिकांच्या गैरवर्तनाची पत्रं त्यांना पुण्याहून आली. त्यांच्या आधाराने त्यांनी तिथल्या वर्तमानपत्राकडे गंभीर आरोप केले. सरकारने पुरावा मागितला. ज्यांनी पत्रं लिहिली होती त्यांची नावं गोखल्यांनी सांगितली नाहीत, आणि दुसरा पुरावा हाती नव्हता. मायदेशी परतल्यावर त्यांना बिनशर्त माफी मागावी लागली. स्वकीयांनीच खूप टीका केली. एकतीस वर्षांच्या माणसाला हे किती लागलं असेल!

यानंतरचे गोखले पाहिले की लक्षात येतं, की पुढच्या त्यांच्या भाषणांत जवळजवळ प्रत्येक आकडा सरकारच्याच कागदातला असतो. ज्याला उत्तर द्यायचं त्याच्याच वहीतून हिशेब मांडायचा, म्हणजे पुरावा मागायला जागाच उरत नाही.

शिल्लक म्हणजे सुबत्ता नव्हे

१८९९ मध्ये गोखले मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले आणि १९०२ मध्ये व्हाइसरॉयच्या वरिष्ठ कौन्सिलात. २६ मार्च १९०२ चं त्यांचं अंदाजपत्रकावरचं भाषण गाजलं. सरकारच्या तिजोरीत शिल्लक होती आणि सरकार म्हणत होतं, की देश सुखात आहे म्हणून शिल्लक आहे. गोखल्यांनी दाखवलं, की रुपयाचा भाव १३ पेन्सवरून १६ पेन्सवर नेला आहे आणि कर मात्र पूर्वीइतकेच चढे ठेवले आहेत, म्हणून तिजोरी भरली आहे. दुष्काळाने पिचलेल्या रयतेच्या घरात शिल्लक नाही. मिठावरचा कर कमी करा, हा त्यांचा एक आग्रह होता. मणामागे अडीच रुपये असलेला हा कर टप्प्याटप्प्याने उतरत १९०७ मध्ये एक रुपयावर आला.

आकडा खरा असूनही त्याचा अर्थ चुकीचा लावता येतो, हे ते देशाच्या हिशेबात दाखवत होते. पुढे शिक्षणाच्या बाबतीतही त्यांनी हेच केलं. १९०२ मध्येच ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. १२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यात सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी, म्हणजेच भारत सेवक समाज स्थापन केला. त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. पण मनात प्राथमिक शिक्षण होतं.

१.२ वरून १.९

आता आपल्या विषयाचा गाभा. सरकारी अहवाल सांगत, की प्राथमिक शाळा वाढल्या, मुलं वाढली. हे खोटं नव्हतं. १८८२ मध्ये प्राथमिक शाळांत सुमारे २१ लाख मुलं होती, ती १९१० च्या सुमारास ३९ लाखांच्या आसपास गेली. जवळजवळ दुप्पट! कोणताही अधिकारी हा आकडा फलकावर लिहील.

१८ मार्च १९१० रोजी गोखल्यांनी कौन्सिलात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला. त्यांनी हेच आकडे घेतले आणि खाली छेद लिहिला. एकूण लोकसंख्येपैकी किती जण प्राथमिक शाळेत आहेत? १८८२ मध्ये १.२ टक्के आणि आता १.९ टक्के. अठ्ठावीस वर्षांत वाढ ०.७.

हे उदाहरण आठवी-नववीच्या वर्गात फळ्यावर घ्यावं. त्या वेळी सरकारी हिशेबात शाळेच्या वयाची मुलं लोकसंख्येच्या १५ टक्के धरत. मग १.९ भागिले १५ म्हणजे सुमारे १२.७ टक्के. शंभर मुलांमागे तेरा शाळेत आणि सत्त्याऐंशी बाहेर. आता मुलांना विचारा, २८ वर्षांत ०.७ या चालीने १.९ वरून १५ वर जायला किती वर्षं लागतील? १३.१ भागिले ०.७, गुणिले २८. उत्तर येतं ५२४ वर्षं. मुलं उत्तर पुन्हा तपासतात, कारण त्यांना वाटतं दशांश चिन्ह चुकलं.

मग गोखल्यांनी इतर देशांशी ताडून पाहिलं. अमेरिकेत लोकसंख्येच्या २१ टक्के प्राथमिक शाळेत, जपानात ११ टक्के, मागासलेल्या समजल्या जाणाऱ्या रशियातही ४ ते ५ टक्के. आपण १.९. ते देश श्रीमंत आहेत, पूर्वीपासून पुढारलेले आहेत, असं कोणी म्हणेल हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी एकाच देशाचे दोन वेळचे आकडे दिले. इंग्लंडात सक्ती येत होती तेव्हा, १८७१ मध्ये, शंभरातली ४३ मुलं शाळेत होती. १८८२ पर्यंत जवळजवळ सगळी आली. जपानने १८७२ च्या सुमारास २८ वरून सुरुवात केली आणि तीसेक वर्षांत नव्वदीच्या पुढे मजल मारली. म्हणजे सक्ती आणि मोफत शिक्षण आलं की फरक पडतो.

तरीही कोणी म्हणालं असतं, की हिंदुस्थानची माणसं वेगळी. त्यावर त्यांच्याकडे बडोदा होतं. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात सक्ती लागू केली. तिथे शाळेच्या वयाच्या शंभर मुलग्यांपैकी जवळजवळ ८० शाळेत आणि शंभर मुलींपैकी ४७-४८. शेजारच्या ब्रिटिश मुलुखात हेच आकडे मुलग्यांचे २१-२२ आणि मुलींचे फक्त ४. माणसं तीच, पाऊसपाणी तेच, फरक फक्त राज्यकर्त्याच्या धोरणाचा. दोन गटांची अशी तुलना करायची, की बाकी सगळं सारखं आणि एकच गोष्ट वेगळी. आज संख्याशास्त्राच्या वर्गात हेच शिकवतात.

एक वाद तेव्हाही होता आणि आजही आहे. आधी शिक्षणाचा दर्जा सुधारा, संख्या नंतर वाढवा, असं सरकारी बाजूचे बरेच जण म्हणत. गोखल्यांचं म्हणणं वेगळं होतं. दर्जाला महत्त्व आहेच, पण तो निरक्षरता हटल्यानंतरचा प्रश्न आहे. जे मूल वर्गातच नाही त्याच्या दर्जाचं काय मोजणार?

बिल

सरकारने आश्वासन दिल्यावर त्यांनी ठराव मागे घेतला. मग वर्षभराने, १६ मार्च १९११ रोजी, स्वतःच बिल आणलं. बिल अगदी सावध होतं. सगळ्या देशात एकदम सक्ती नाही. ज्या नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला हवी असेल तिने सरकारच्या परवानगीने आपल्या भागात लागू करावी. तीही त्या भागातली काही ठरावीक टक्के मुलं आधीच शाळेत येत असतील तरच. गोखल्यांच्या मनात हा आकडा ३३ टक्के होता. वय ६ ते १०. ज्या बापाची कमाई महिना दहा रुपयांपेक्षा कमी, त्याच्या मुलाला फी माफ. खर्चाचा हिशेबही त्यांनी मांडला. ६ ते १० वयाचे मुलगे साधारण सव्वा कोटी, माणशी वर्षाला ५ रुपये. आधीचा खर्च वजा जाता सुमारे साडेचार कोटी रुपये वाढीव लागतील. त्यातले दोन तृतीयांश सरकारने द्यावेत, बाकी स्थानिक संस्थांनी.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सक्तीची सुरुवात फक्त मुलग्यांपासून होती, मुलींचं पुढे बघायचं होतं. ज्यांनी शंभरात चार मुली हा आकडा सभागृहात वाचला, त्यांच्याच बिलात मुली आधी नव्हत्या. एवढं तरी पास व्हावं म्हणून त्यांनी ही तडजोड केली. ती करूनही बिल पास झालं नाही.

१८ आणि १९ मार्च १९१२ रोजी चर्चा झाली. मदनमोहन मालवीय, बॅरिस्टर जिना यांच्यासारखे सभासद गोखल्यांच्या बाजूने उभे राहिले. शिक्षण खात्याचे सभासद हारकोर्ट बटलर आणि बहुतेक प्रांतिक सरकारं विरोधात होती. लोकांची मागणी नाही, अजून सक्तीची वेळ आलेली नाही, कर कोण देणार, असे मुद्दे आले. गरिबाचं पोर शाळेत गेलं तर शेतावर कोण राबणार, ही काळजीही काहींना होती, आणि विरोध करणाऱ्यांत आपले हिंदी सभासदही होते. मतं पडली. बाजूने १३, विरुद्ध ३८. बिल फेटाळलं गेलं.

निकाल काय लागणार हे गोखल्यांना आधीच माहीत होतं. तरी त्यांनी पूर्ण तयारीने भाषण केलं. पुढे मधुमेहाने तब्येत ढासळत गेली आणि १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी ते गेले.

त्यांच्यानंतर

आकडे मात्र मागे राहिले. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हुकूम काढला. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांसाठी कायदा झाला. सगळ्या देशातल्या ६ ते १४ वयाच्या मुलांना, आणि मुलींनाही, कायद्याने शिक्षणाचा हक्क मिळायला मात्र १ एप्रिल २०१० उजाडावा लागला.

मोजण्याची पद्धतही पुढे सरकली. गोखल्यांनी शाळेत किती आली ते मोजलं होतं. १९२९ मध्ये हारटॉग समितीने विचारलं, की आलेली टिकली किती? १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर १०० मुलांमागे तीन वर्षांनी चौथीत फक्त १८ दिसली. गळती आणि स्थगिती हे आपल्या बोलण्यातले शब्द तिथून रुळले. या हिशेबात एक दोष होता. पहिलीच्या शंभरात त्याच वर्गात पुन्हा बसलेली मुलंही धरली जात होती, म्हणजे छेद फुगलेला होता. दोष टाळायचा तर एकेक मूल नावाने धरून त्याच्या मागे जावं लागतं. गोखल्यांच्या नावाने १९३० मध्ये पुण्यात अर्थशास्त्र संस्था निघाली. तिथल्या धनंजयराव गाडगीळ आणि वि. म. दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षणाची अशी पाहणी करून १९५५ मध्ये अहवाल छापला.

आपल्या जनरल रजिस्टरात

आता हे आपल्या शाळेत कसं करायचं? कॉम्प्युटर लागत नाही. जनरल रजिस्टर आणि वही पुरे. एक कल्पित उदाहरण घेऊ.

आठवीत ५० मुलं आली. त्यातली ४० जण तीन वर्षांत दहावी पास झाली. ४ जण नववीत एक वर्ष जास्त थांबली आणि मग पास झाली. ६ जणांनी आठवीनंतर शाळा सोडली. दहावीला जे बसले ते सगळे पास. आता तीन आकडे काढा.

पहिला, फलकावरचा. बसले ४४, पास ४४. निकाल १०० टक्के.

दुसरा, आलेल्यांपैकी पोचलेले. ५० पैकी ४४. म्हणजे ८८ टक्के.

तिसरा, खर्ची पडलेल्या वर्षांचा. जगभरचे शिक्षणखात्यातले लोक कार्यक्षमता म्हणतात ती बहुतेक ही. ४० मुलांची ३ वर्षं म्हणजे १२०, चौघांची ४ वर्षं म्हणजे १६, सहा जणांचं एकेक वर्ष म्हणजे ६. एकूण १४२ वर्षं. ४४ मुलं पास व्हायला किमान लागतात ४४ गुणिले ३, म्हणजे १३२. मग १३२ भागिले १४२, सुमारे ९३ टक्के.

नीट बघा, तिसरा आकडा दुसऱ्यापेक्षा चांगला दिसतो. का? कारण सहा मुलं लवकर गेली. ती दहावीपर्यंत थांबून मग गेली असती तर वर्षं जास्त खर्ची पडली असती आणि टक्केवारी उतरली असती. मूल जितकं लवकर शाळा सोडेल तितकी शाळा कार्यक्षम दिसते! शास्त्रशुद्ध मापातही असा खड्डा असतो. म्हणून कोणताही एक आकडा एकटा वापरू नये. तिन्ही शेजारी-शेजारी लिहावेत.

लोट्यात आणखी एक अडचण येते. इथे कारखान्यांत ठेक्यावर येणाऱ्या कामगारांची मुलं बरीच. ठेका संपला की कुटुंब हलतं. जे मूल दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत खरोखर दाखल झालं, त्याला गळती म्हणणं चूक. पण दुसरीकडे गेलं असेल असं नुसतं गृहीत धरून छेदातून काढून टाकणं त्याहून मोठी चूक. नव्या शाळेत फोन करून विचारावं. दाखल झालं असेल तर नाव वगळावं. नसेल तर ते मूल आपलंच, आपल्याच छेदात राहील.

पालकांनाही एक विनंती. शाळेत प्रवेश घेताना निकाल किती टक्के, हे आपण विचारताच. त्याच्या जोडीला एवढंही विचारा, की आठवीत किती मुलं होती आणि त्यातली दहावीला किती बसली. हा प्रश्न विचारल्याबद्दल कोणत्याही चांगल्या शिक्षकाला राग येणार नाही.

गोखल्यांनी हाच प्रश्न एका साम्राज्याच्या सरकारला विचारला होता. उत्तर मिळालं १३ विरुद्ध ३८. पण १.९ हा आकडा कोणाला खोडता आला नाही, कारण तो सरकारच्याच कागदातला होता आणि त्याच्या छेदात कौन्सिलच्या दारापर्यंत कधीच न पोचलेली मुलंही मोजलेली होती.

आमच्या फलकावर आता दोन ओळी असतात. पहिली निकालाची. दुसरी, आठवीत आलेले इतके, त्यातले दहावीपर्यंत पोचलेले इतके, अशी. दुसरी ओळ अजून शंभर झालेली नाही. पहिल्यांदा लिहिली तेव्हा स्टाफरूममध्ये थोडी कुरकुर झाली. आता जूनमध्ये सहकारीच रजिस्टर काढून बसतात, कोण आलं नाही ते बघतात आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की दोघं-तिघं मिळून घरी जाऊन येतात. मागच्या वर्षी अशी दोन मुलं परत आली. त्यातला एक गणितात कच्चा आहे. निकालाची ओळ त्याच्यामुळे कदाचित थोडी खाली येईल. येऊ दे.